सुरवंटातून पांढऱ्या अळ्या निघाल्या आणि त्यांचे तपकिरी कोष झाले, ही कुठली माशी? ओळखायची कशी?

पानाखालचा

नमस्कार मंडळी, मदत हवीय. मी केसाळ सुरवंट पाळतोय, पतंग बाहेर येताना बघायचा आहे म्हणून. प्रत्येकाला वेगळी बरणी, तोंडाला मलमलचं कापड आणि रबर, रोज त्याच झाडाची ताजी पानं. त्यातला एक अगदी व्यवस्थित खात होता, वाढतही होता, मग एकदम खायचा थांबला, बरणीच्या कडेला जाऊन बसला आणि सकाळी बघतो तर कलंडलेला, अंगाला बाजूने एक भोक, आणि तळाशी पिवळट पांढऱ्या अळ्या वळवळतायत. पाय नाहीत, डोकं म्हणावं असं काही दिसत नाही, एक टोक निमुळतं आणि दुसरं रुंद, त्या रुंद टोकावर डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके. टिश्यू पेपरच्या घडीत शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत आखडून आखडून लालसर कॅप्सूलसारख्या झाल्या, आता गडद तपकिरी आहेत आणि हलत नाहीत.

दुसरं म्हणजे अजून एक सुरवंट आहे, तो जिवंत आहे, खातोय, पण त्याच्या डोक्याच्या लगेच मागे दोन पांढरे चकचकीत दाणे चिकटलेत. ब्रशने हलवून बघितले, अजिबात सुटत नाहीत.

मला हे कळत नाहीये की ही माशीची अळी की गांधीलमाशीची, कुठली माशी ते या तपकिरी कोषावरून कळेल का, आणि पुढे नक्की काय बघायचं, काय जपून ठेवायचं? घरात लहान मूल आहे, तेव्हा या अळ्यांचा माणसाला काही त्रास असेल तर तेही सांगा.

गच्चीवाला

फेकून द्या हो. सुरवंट काहीतरी रोगाने मेला असणार आणि मेल्यावर साध्या माशीने अंडी घातली, वास आला की माश्या येतातच. बरणी गरम पाण्याने धुवा आणि बाकीचे सुरवंट वेगळे करा.

निरीक्षणवही

पानाखालचा, काहीही फेकू नका प्लीज! गच्चीवाला म्हणतात तसं होतं, नाही असं नाही, मेलेल्या किड्यावर फोरिड जातीच्या बारीक माश्या येतात आणि मलमलच्या विणीतूनही आत शिरतात, पण तुमच्या वर्णनात दोन गोष्टी त्याच्या विरोधात जातात. एक, अळ्या पूर्ण वाढलेल्या होत्या आणि सुरवंट तर आदल्या दिवसापर्यंत जिवंत होता. अंड्यातून निघून एवढी मोठी अळी एका रात्रीत होत नाही, म्हणजे तो खात होता तेव्हाच त्या आत होत्या. दोन, कोष. फोरिडचा कोष बराच छोटा, थोडा चपटा असतो आणि पुढच्या बाजूने त्याला दोन बारीक शिंगं बाहेर आलेली असतात, लेन्स लावली की लगेच दिसतात. तुमचे गुळगुळीत गोल असतील तर फोरिड बाद.

माशी की गांधीलमाशी हे तर तुम्हीच उत्तर देऊन बसलायत. गांधीलमाशीच्या गटातले सुरवंटांवरचे बरेच परजीवी बाहेर आल्यावर रेशीम विणतात, ते सुरवंटाच्या पाठीवर पांढरे तांदळासारखे दिसतात ना, ज्यांना लोक अंडी समजतात, ते ब्रॅकोनिड गांधीलमाशीचे रेशमी कोष असतात. माशीची अळी रेशीम विणत नाही, ती आपलीच शेवटची कातडी आखडवून कडक करते आणि आत प्युपा (अळी आणि माशी यांच्या मधली अवस्था) तयार होतो, त्या कवचाला प्युपेरियम म्हणतात. तुमच्यासमोर आखडून लाल झाली आणि मग तपकिरी झाली, हा शंभर टक्के माशीचा प्रकार आहे. आणि जिवंत सुरवंटातून आली म्हणजे पहिला अंदाज टॅकिनिड, सुरवंटांवर सगळ्यात जास्त सापडणारी परजीवी माशी हीच. जगभरात 8,500 च्या वर जातींना नावं मिळालीत आणि अजून भर पडतेच आहे.

ते डोळे नाहीत बरं का, रुंद टोक हे अळीचं मागचं टोक आहे आणि ते काळे ठिपके म्हणजे श्वास घ्यायच्या चकत्या. तोंड निमुळत्या टोकाला. पातळ कातडीतून तिथे काळे आकडे पुढेमागे होताना दिसतात, जिवंत अळी परत मिळाली तर उजेडासमोर धरून नक्की बघा, सुंदर दिसतं. टॅकिनिडची अळी सुरवंटाच्या आत राहते पण हवा तिला बाहेरचीच लागते, म्हणून बऱ्याच जाती मागचं टोक सुरवंटाच्या कातडीला पाडलेल्या भोकाला किंवा त्याच्या श्वासनलिकेला जोडून ठेवतात. सुरवंटाचं शरीर या घुसखोराभोवती भिंत बांधायला जातं, आणि अळी त्याच भिंतीचा नळी म्हणून वापर करते, त्यातून श्वास घेते. मेलेला सुरवंट अजून असेल तर आत तपकिरी काळपट नरसाळ्याच्या आकाराचा तुकडा मिळतो का बघा. मिळाला तर गच्चीवाल्यांच्या शंकेला त्याहून चांगलं उत्तर नाही, कारण मेल्यानंतर आलेल्या अळीला ते नरसाळं बनवून द्यायला सुरवंट जिवंत नसतो.

आता काय करायचं. प्युपेरियम बोटांनी दाबू नका, मऊ ब्रशने उचला, बरणीत थोडी ओलसर वाळू किंवा ओलसर टिश्यू, वर कापड, उन्हात अजिबात नको. फार ओलं केलं तर बुरशी, फार कोरडं केलं तर आतली माशी सुकते. साधारण दहा ते पंधरा दिवसांत माशी येते पण काही जाती आतच थांबून ऋतू बदलायची वाट बघतात, म्हणून दोन आठवड्यांत काही झालं नाही तर मेली समजून टाकून देऊ नका. आणि आजच चिठ्ठी लिहा: सुरवंट कुठला, कुठल्या झाडावर, कधी मिळाला, अळ्या कधी बाहेर आल्या, किती आल्या, सुरवंटातून की पतंगाच्या कोषातून. पेन्सिलने लिहा, पेन पसरतं. माशीच्या नावाइतकीच ही चिठ्ठी महत्त्वाची असते, कुठल्या माशीचा कुठला यजमान, म्हणजे ती कुठल्या किड्यात वाढते, ही माहिती बहुतेक जातींची अर्धवटच आहे आणि ती मिळते फक्त अशा घरी पाळलेल्या सुरवंटांतून.

चिमटा

वरचं सगळं बरोबर, मी फक्त ओळखीचं सांगतो कारण माझं काम जास्त करून तयार माश्यांवर असतं.

प्युपेरियमवरून कुळापर्यंत अंदाज येतो, त्यासाठी मागच्या टोकाचा फोटो काढा, मोबाइलला क्लिप ऑन मॅक्रो लेन्स लावली तरी चालेल. त्या दोन चकत्यांवर फटी असतात. घरमाशीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या अळीत त्या फटी नागमोडी, निळ्या हिरव्या चकाकत्या माशीत सरळ, आणि मांसमाशीत तर दोन्ही चकत्या एका खोल खळग्यात गेलेल्या असतात. टॅकिनिडमध्ये त्या सहसा टोकावर वर आलेल्या, कडक काळ्या असतात आणि फटींचे प्रकार जातीनुसार खूप बदलतात. माशी बाहेर पडल्यावरही रिकाम्या कवचावर हे सगळं तसंच राहतं, म्हणून रिकामं कवच त्या माशीसोबतच ठेवायचं, वेगळं नाही, हे फार लोक विसरतात.

माशी बाहेर आली की लगेच मारू नका, फोटोचीही घाई नको. नुकती आलेली माशी फिकट असते, पंख चुरगळलेले, आणि कपाळावर एक फुगा आतबाहेर होत असतो, त्या फुग्याने ढकलूनच ती कवचाचं टोपण उडवते. दीड दोन दिवस जाऊ द्या, कापसावर साखरपाणी द्या, रंग आणि राठ केस नीट दिसायला लागतात.

मग बघायचं काय? टॅकिनिडसाठी मी एकच गोष्ट आधी बघतो. छातीचा वरचा भाग संपतो तिथे पंखांच्या मध्ये एक त्रिकोणी ढाल असते, स्क्युटेलम. माशीला बरोबर बाजूने बघा. त्या ढालीच्या खाली, पोट सुरू व्हायच्या आधी, अजून एक फुगीर गोल उंचवटा दिसला, म्हणजे एकाखाली एक असे दोन फुगवटे, तर ते सबस्क्युटेलम, आणि ते असं ठसठशीत असेल तर माशी टॅकिनिडच. मांसमाशीत आणि घरमाशीत तिथे सपाट किंवा आत गेलेलं असतं. पंख आडवे येतात म्हणून बरणी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, माशी शांत बसते, पंख जरा बाजूला होतात, मग फोटो घ्या.

बाकीच्या खुणा सोबतीला. मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाच्या वर, छातीच्या बाजूला राठ केसांची एक उभी ओळ असते. ती टॅकिनिड, मांसमाशी आणि निळी हिरवी माशी तिघींना असते, घरमाशीला नसते. शृंगिकेवरचा (डोक्यावरच्या मिशीवरचा) बारीक केस, अरिस्टा, बहुतेक टॅकिनिडमध्ये बोडका आणि मांसमाशीत साधारण अर्ध्यापर्यंत पिसासारखा, पण डेक्सिइनी गटातल्या टॅकिनिडमध्ये पिसारा असतो, तेव्हा एकट्या यावर जाऊ नका. पोटाच्या टोकाला उभे काटेरी केस ही लोकांना सगळ्यात आधी दिसणारी खूण, आणि नेमकी तीच कधीकधी नसते. झाडांवरच्या ढेकणांवर (घरातल्या नव्हे, स्टिंक बगसारख्या) जगणाऱ्या फॅसिइनी गटात गोल नारिंगी, जवळजवळ गुळगुळीत पोटाच्या माश्या असतात, बघणारा मधमाशीच समजतो. पंखातली चौथी शीर टोकाजवळ एकदम वाकते हे पुस्तकात असतं, पण ती घरमाशीतही वाकते, त्यावर वेळ घालवू नका.

निव्वळ राखाडी आणि पट्टे यावरून मात्र कोणी नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका. छातीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर उजेडात बदलणारे बुद्धिबळासारखे चौकोन, हा मांसमाशीचा नेहमीचा वेष, पण फोटो धूसर असला की दोघी एकसारख्या दिसतात.

पानाखालचा

बापरे, एवढं सगळं! खूप आभार दोघांचे. नरसाळं मिळालं!! सुरवंट सुकत आला होता तो पाण्यात भिजवून सुईने उघडला, कातडीच्या आतल्या बाजूला चिकटलेली तपकिरी निमुळती नळी, एक नाही दोन आहेत. फोटो टाकलाय.

आता दुसऱ्या सुरवंटाचं सांगा, ते पांढरे दाणे काढायचे का? आणि मुलाचं कोणीच बोललं नाही.

निरीक्षणवही

ते दाणे म्हणजे टॅकिनिडची अंडीच, मोठ्या प्रकारची. माशी ती बाहेर अंगावर चिकटवते, आणि मुद्दाम डोक्यामागे कारण तिथे सुरवंटाचं तोंड पोचत नाही. खालची बाजू सपाट असते, अळी त्याच बाजूने सरळ सुरवंटाच्या अंगात उतरते, वरून टरफल जसंच्या तसं दिसत राहतं. त्यामुळे वरून बघून अंडं भरलेलं आहे का रिकामं हे कळत नाही. ओढून काढलंत तर कातडी फाटेल. कात टाकायची वाट बघा. अंडं फुटायच्या आधी सुरवंटाने कात टाकली तर अंडी कातीबरोबर गेली आणि तो वाचला, अळी आधीच उतरली असेल तर मात्र नाही. कात मिळाली की ती उलटी करा आणि अंड्याच्या बरोबर खाली बारीक भोक आहे का बघा, भोवती काळसर कडा असते बऱ्याचदा.

रेशीमकिडे पाळणारे हे डाग फार चांगले ओळखतात, उझी माशी म्हणतात ती हीच गोष्ट आहे, एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, तीही टॅकिनिडच, अंडं पांढरं आणि अळी आत गेली की त्या जागी काळा डाग.

आणि एक, सगळ्याच टॅकिनिड असं चिकटवत नाहीत. काही जाती पानावर अगदी सूक्ष्म कडक अंडी टाकतात, मिलिमीटरच्या अर्ध्याहून लहान, सुरवंट पानाबरोबर गिळतो आणि अंडं आतड्यात फुटतं. काही जिवंत अळ्या सोडतात, त्या पानावर उभ्या राहून सुरवंट जवळून जायची वाट बघतात. म्हणजे बरणी झाकलेली होती तरी रोजची ताजी पानं तुम्ही बाहेरून आणता, त्यावरून काहीही आत येऊ शकतं. नोंदीत हे लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी पानं दोन्ही बाजूंनी ओल्या कापडाने पुसून मग द्या, तरच आलेली माशी बाहेरूनच सुरवंटात आली होती असं ठामपणे म्हणता येईल.

गुरांचा डॉक्टर

मुलाबद्दल मी सांगतो. टॅकिनिडची अळी माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात जगत नाही, तिचे यजमान किडे आणि त्यांच्यासारखे इतर संधिपाद. केसाळ सुरवंटाचे केस मात्र मुलाच्या हाताला लागू देऊ नका, खाज आणि पुरळ त्यानेच येईल, कोषात विणलेले केससुद्धा तेवढेच त्रासदायक.

जनावरांच्या जखमेत अळ्या पाडणाऱ्या माश्या वेगळ्या कुळातल्या. जुन्या जगातली (आशिया, आफ्रिकेकडची) स्क्रूवर्म, क्रायसोमिया बेझियाना, ही खरी घातक, कारण हिची अळी फक्त जिवंत मांसावर जगते. मादी जखमेच्या कडेला अंडी घालते, अळ्या डोकं आत आणि शेपूट बाहेर अशा एकमेकींना चिकटून खोल शिरतात, वाढ झाली की जमिनीवर पडून मातीत कोष करतात. अमेरिका खंडातली बहीण कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स. तिच्यावर जो उपाय सापडला तो मला आजही थक्क करतो. मादी आयुष्यात एकदाच मीलन करते, म्हणून किरणोत्सर्गाने वांझ केलेले नर लाखोंनी सोडले आणि 1954 साली क्युरासाव बेटावरून ती माशी संपवली, नंतर उत्तर अमेरिकेच्या मोठ्या पट्ट्यातून घालवली. जखमेतल्या सगळ्या अळ्या अशाच असतात असंही नाही, ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीच्या निर्जंतुक अळ्या तर दवाखान्यात मुद्दाम जखम साफ करायला वापरतात, त्या मुख्यतः मेलेलं मांस खातात. म्हणून जखमेतली अळी मिळाली तर ओळख महत्त्वाची, आणि नमुना जखमेच्या सगळ्यात खोल भागातून घ्यायचा, वरवर फिरणाऱ्या अळ्या बऱ्याचदा नंतर आलेल्या दुसऱ्याच माशीच्या असतात.

अळी जतन करायची असेल तर थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, काळी पडते आणि आक्रसते, मग मागच्या फटी काही दिसत नाहीत. उकळी येऊन गेलेल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट, मग 80 टक्के अल्कोहोल. अळी लांब ताठ आणि पांढरी राहते. डीएनए तपासणीसाठी पाठवायची असेल तर मात्र एक तुकडा किंवा एक अळी जास्त तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा. आणि सगळ्या मारू नका, निम्म्या तरी वाढू द्या, नुसत्या अळीवरून जातीपर्यंत पोचणं फार क्वचित जमतं.

मातीचं घरटं

विषय निघालाच आहे तर, परजीवी माशी म्हटलं की सगळे टॅकिनिडच बोलतात, पण घराच्या भिंतीवर कुंभारीण गांधीलमाशीचं मातीचं घरटं असेल तर तिथे उभं राहून बघा, दुपारी ऊन असताना. एक काळपट पंखांची, किंवा अर्धे पंख काळे आणि अर्धे पारदर्शक अशी केसाळ माशी हवेत जागेवर थांबून घरट्याच्या तोंडासमोर पोट झटकते, परत झटकते. ती बी फ्लाय, बॉम्बिलिड कुळातली, अंडी उडत्या उडत्या फेकते. फुटलेली बारीक चपळ अळी स्वतः चालत घरट्यात शिरते, गांधीलमाशीची अळी वाढेपर्यंत थांबते, मग कात टाकून जाड आळशी होते आणि तिला बाहेरून शोषते. दोन टप्प्यांत एवढा वेगळा आकार की वेगळा प्राणीच वाटतो.

पानाखालचा, तुमच्या प्रश्नाशी संबंध असा की हिचा प्युपेरियम नसतो. प्युपा उघडा असतो, डोक्यावर टोकदार काटे, त्यांनी तो मातीची भिंत स्वतः पोखरतो आणि अर्धा बाहेर येऊन थांबतो, मग पाठ फाटून माशी निघते. भिंतीवरच्या घरट्यातून अर्धवट बाहेर लटकलेलं रिकामं पारदर्शक कवच मिळालं तर ते गांधीलमाशीचं नाही, या माशीचं आहे, मी ती जमवतो, त्यावरचे काटे मोजून आणि मांडणी बघून बरंच कळतं.

त्याच घरट्यात राखाडी छोट्या माश्याही येतात, शिकार घेऊन येणाऱ्या गांधीलमाशीच्या मागे ठरावीक अंतर ठेवून उडतात, ती वळली की त्याही वळतात. त्या मांसमाशीच्या कुळातल्या, मिल्टोग्रामिनी. त्या शिकारीवर थेट अळी सोडतात, आणि ती अळी पिल्लासाठी साठवलेला सगळा डबा खाऊन टाकते. हिच्या अरिस्टावर पिसारा नसतो, म्हणून चिमटांनी दिलेली अर्ध्या पिसाऱ्याची खूण इथे लागू पडत नाही.

मधपेटी

मीही भर घालतो. मधमाश्या आणि भुंगे पाळणाऱ्यांना कोनोपिड माहीत असावी. गांधीलमाशीसारखी बारीक कमरेची, मोठं डोकं, फुलाजवळ दबा धरून बसते आणि उडत्या मधमाशीला हवेतच पकडून पोटाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये अंडं खुपसते. अळी पोटात वाढते, मधमाशी मरते आणि अळी तिच्या पोटातच कोष करते, बाहेर येत नाही. म्हणून पेटीबाहेर, जमिनीवर मेलेली मधमाशी मिळाली तर पोट उघडून बघायला हरकत नाही. दुसरी त्याहून बारीक, अपोसेफॅलस बोरिॲलिस, फोरिड, हिच्या अळ्या मेलेल्या मधमाशीच्या डोकं आणि छातीमधून बाहेर पडतात. त्यामुळे मेलेल्या मधमाश्या लगेच झाडून टाकण्याऐवजी झाकणाच्या डबीत आठवडाभर ठेवल्या तर कळतं काय निघतंय ते.

पानाखालचा

अपडेट. दोन माश्या निघाल्या! एक मी बघत असतानाच निघाली, टोपण गोल उघडलं, कपाळावर तो फुगा खरंच आतबाहेर होत होता, मुलगाही बघत बसला होता, दोघंही हललो नाही तिथून. चिमटांनी सांगितलं तसं दोन दिवस साखरपाण्यावर ठेवली, मग फ्रिज, मग बाजूने फोटो. ढालीखाली दुसरा फुगवटा स्पष्ट आहे. अरिस्टा बोडका. छातीवर चार काळे पट्टे. पोटाच्या टोकाला ताठ केस.

दुसऱ्या सुरवंटाने कात टाकली, दोन्ही अंडी कातीवर. उलटी करून बघितली, एका अंड्याखाली भोक आहे, दुसऱ्याखाली नाही. म्हणजे एक अळी आत गेली ना? सुरवंट अजून खातोय आणि अगदी नॉर्मल दिसतोय.

चिमटा

फोटो छान आलेत, टॅकिनिड नक्की. चार पट्टे आणि पोटावरचे राखाडी पट्टे बघता एक्झोरिस्टिनी उपकुळाकडे कल जातो, त्यापुढे जायचं तर दोघींपैकी एक नर आहे का बघा, डोळे सहसा जवळ आलेले असतात, आणि त्याचं पोटाचं टोक उघडून जननेंद्रिय बघावं लागतं. एक माशी पिनवर, एक अल्कोहोलमध्ये ठेवा, पिनवरच्या माशीचा एक पाय काढून डीएनएसाठी वेगळा ठेवलात तर उत्तम.

निरीक्षणवही

हो, एक आत गेली. पण सुरवंट वाचणारच नाही असं आत्ताच म्हणू नका. आत गेलेली अळी कधीकधी सुरवंटाच्या प्रतिकारात गुदमरते, आणि काही केसाळ सुरवंटांत तर टॅकिनिड पूर्ण वाढून बाहेर पडल्यावरही सुरवंट जगल्याच्या नोंदी आहेत, प्लॅटिप्रेपिया व्हर्जिनालिस नावाचा एक आहे त्याच्यावर यावर बराच अभ्यास झालाय. दुसऱ्या एका केसाळ सुरवंटावर 2009 मध्ये काम प्रसिद्ध झालं होतं, टॅकिनिडची लागण झाली की तो विषारी अल्कलॉइड जास्त खातो आणि त्याने जगण्याची शक्यता वाढते. म्हणून तुमचा सुरवंट ज्या झाडांवर सापडतो त्यातली एकाहून जास्त पानं आत ठेवा, कुठलं जास्त खातो ते लिहा. ही नोंद सोपी आहे आणि फार कमी लोक करतात.

पानाखालचा

शेवटी त्यातूनही एक अळी निघालीच, सुरवंट नाही वाचला. पानं दोन प्रकारची ठेवली होती, त्याने नेहमीचीच खाल्ली, लिहून ठेवलंय. पण आता वेगळंच झालंय. त्या अळीचा कोष झाला, आणि त्यातून माशी नाही आली. ठेंगणी, जाड, हिरवट काळी चमकणारी छोटी गांधीलमाशी आली! छाती खडबडीत, खड्डे खड्डे असल्यासारखी, पोट अगदी छोटं त्रिकोणी. कवचाचं टोपण उघडलेलं नाही, पुढे एका बाजूला वेडंवाकडं भोक आहे. बरणी पूर्ण वेळ बंद होती, पानं पुसूनच दिली होती, मग ही आली कुठून?

निरीक्षणवही

हे तर माशीपेक्षाही भारी मिळालं तुम्हाला. वर्णन पेरिलॅम्पिड कुळाचं आहे, बहुतेक पेरिलॅम्पस. वेडंवाकडं भोक म्हणजे चावून पाडलेलं, माशी टोपण ढकलते, गांधीलमाशी कुरतडते, रिकाम्या कवचावरून कोण निघालं हे कायमचं ओळखता येतं. या गटाची मादी सुरवंटावर अंडी घालत नाही, झाडावर घालते, त्यातून निघालेली चिमुकली अळी सुरवंटाला चिकटते आणि आत शिरते. सुरवंटाला ती काही करत नाही. आत टॅकिनिडची अळी आहे का हे शोधते, सापडली की तिच्या अंगात शिरून थांबते, आणि प्युपेरियम झाल्यावर मग खायला सुरुवात करते. म्हणजे तुम्ही सुरवंट झाडावरून आणलात तेव्हाच ती त्याच्यात असणार, किंवा पुसण्याआधीच्या पानांवरून आली असणार.

गांधीलमाशी, कवच, अंडी चिकटलेली कात, आणि सुरवंटाची उरलेली कातडी हे चारही एकाच नंबरखाली ठेवा, चिठ्ठीवर तिघांची साखळी लिहा, सुरवंट, त्यावर टॅकिनिड, त्यावर पेरिलॅम्पिड. फोटो वरून, बाजूने आणि डोक्यासमोरून असे तीन टाका, डोक्याचा नक्की, कपाळाची घडण बघून पुढचं सांगतो.